आंबवण

"दिवा लागला, मिरा. आता न्हाई देता येत."

जनकाबाईने उंबऱ्याच्या आतूनच सांगितलं. दारात शेजारची मिराबाई उभी होती, पदराखाली पितळेची वाटी घेऊन. तिने मागे वळून पाहिलं. मारुतीच्या देवळाच्या कळसावर पिवळं ऊन अजून रेंगाळत होतं.

"अक्का, उजेड हाये की आजून. मला गल्लीतून येताना पाह्यलं आन् तुमी काडी ओढली."

"मला काय तेवढाच धंदा हाये का गं?"

"ओढली खरं," ओसरीतल्या बाजेवरून पुंजाजी म्हणाला. "एरवी शेळ्या कोंडून, हातपाय धुवून मी टेकंस्तोर आपल्या घरात दिवा लागत न्हाई. आज मिराचा पाय वाजला आन् लक्ष्मीला लई घाई झाली."

"तुमी गप बसा हो. नवऱ्यानं तरी बायकोच्या बाजूनं बोलावं."

मिराबाईला हसू आलं नाही. "पोरगं तापातून उठलंय, अक्का. तोंडाला चव न्हाई. तुमची आंबील तेवढी पितंय."

"मग आंबील ने की! तपेलंभर ने. मी कधी न्हाई म्हणले का?"

"रोज काय हात पसरू? वाटीभर आंबवण दिलं तर घरीच लावीन म्हणते."

"दिव्यानंतर विरजण, आंबवण घराबाहेर देऊ न्हाई. लक्ष्मी जाती."

"मग उद्या सकाळी येऊ?"

"उद्या एकादशी हाये."

"परवा?"

"परवाचं परवा पाहू."

तपेलंभर आंबील घेऊन मिराबाई गेली. वाटी पदराखाली रिकामीच राहिली. थोड्या वेळाने पुंजाजी मारुतीच्या पाया पडून येतो म्हणून उठला आणि खांद्यावर घोंगडं टाकून बाहेर पडला. एवढ्या उकाड्यात घोंगडं कशाला, असं जनकाबाईच्या मनात येऊन गेलं. पण चुलीवर आधण उकळत होतं, ती तिकडे वळली.

ज्वारीची आंबील काय, गावात घरोघर होत असे. पीठ भिजवून ठेवायचं, आंबलं की उकळत्या पाण्यात सोडायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून घोटायचं, गार झाली की प्यायची. यात न येण्यासारखं काही नाही. पण डोंगरकडा गावाहून बाजार करून येणारा माणूससुद्धा वाट वाकडी करून जनकाबाईच्या दारात पाणी मागायचा, आणि पाण्याऐवजी आंबील मिळेल म्हणून उगाच बसून राहायचा. ती सगळ्यांना द्यायची. ऊसतोडीवरून परतणारे, मेंढरं घेऊन निघालेले, कुणी असो, तिच्या दारातून कोरड्या घशाने गेला नाही.

द्यायची नाही ती फक्त मडक्याच्या तळाचं आंबवण.

ते मडकं तिच्या सासूचं, सत्यभामाबाईचं. बाहेरून काळं पडलेलं, आतून पांढुरका थर धरलेलं. त्याला राख लावायची नाही, घासायचं नाही. आंबलेलं पीठ काढून घेतलं की बोटभर तळाशी राखायचं, त्यावर नवं पीठ, नवं पाणी. उन्हाळ्यात ते पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायचं, थंडीत चुलीच्या उबेला, घोंगडीच्या तुकड्यात बाळंतिणीसारखं गुंडाळून. जनकाबाई सकाळी उठली की आधी देवाला हात जोडायची आणि मग मडक्याला कान लावायची. आत बारीक बारीक फुटत असायचं, लांबच्या भट्टीत लाह्या फुटाव्यात तसं. मग नाक. पहिला वास कोवळ्या कैरीचा. त्यानंतर ताकाचा. आणि सगळ्यात शेवटी एक वास यायचा, जमिनीतल्या, नुकत्या उघडलेल्या ज्वारीच्या पेवाचा, जरासा उबट, जरासा गोड. तो आला की पीठ काढून घ्यायचं. आणखी थांबलं तर दात आंबतात.

सत्यभामाबाईने मरताना सुनेचा हात धरून सांगितलं होतं, "हे सुनेला दे. लेक दुसऱ्या घरची. शेजारीणपाजारीण तर न्हाईच. चव गावभर झाली, तर तुला कोण इचारणार?"

जनकाबाईला मुलगा झाला नाही, म्हणून सूनही आली नाही. एकुलती लेक सत्यशीला पुसेगावला दिली. सासरी निघताना पोरीने डोळे पुसत पुसत मागितलं होतं, "आई, एका लोट्यात जरासं दे ना." जनकाबाई म्हणाली, "तुझ्या सासरची चव वेगळी असंल, बाई. तिथलं शीक." पोरगी जीपमध्ये बसली. लोटा रिकामाच गेला.

चैत्रात गावात सप्ता बसायचा. सात दिवस देवळात वीणा उभी. ती जमिनीला टेकवायची नाही, पहारा संपला की एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात. पहाटेचा पहारा पुंजाजीचा. अंगाला शेळ्या-मेंढरांचा वास मारणारा हा माणूस अंघोळ करून, बुक्का लावून वीणा गळ्यात घेऊन उभा राहिला की वेगळाच दिसायचा. आणि शेवटच्या दिवशी काला. सेनगावकडचे भागवत महाराज कीर्तनाला उभे राहायचे. टाळ एका लयीला आले, मृदंगावर थाप पडली की मांडवातल्या माणसाचं घरदार, दुखणंखुपणं सगळं त्या आवाजात विरघळून जायचं. महाराज हात उंच करून विचारायचे, "पेंद्यानं काय आणलं होतं शिदोरीत? शिळी भाकर! कुणी ताक, कुणी लोणच्याची फोड. देवानं सगळं एका ठिकाणी कालवलं आणि विचारलं, सांगा रे गड्यांनो, यातलं तुमचं कोणतं आणि माझं कोणतं? एकालाही ओळखू येईना. जिथं ओळखू येत नाही, तिथं देव जेवायला बसतो!"

दरवर्षी या ठिकाणी जनकाबाईचे डोळे वाहायचे. कीर्तनानंतरच्या पंगतीला तिच्याच हातची घागर घागर आंबील असायची. महाराज द्रोण तोंडाला लावून म्हणायचे, "माउली, या आंबिलीसाठी तर आम्ही एवढं लांब येतो." ती पदराचं टोक तोंडात धरून लाजायची. घरी यायची आणि मडक्यावरचं फडकं आणखी घट्ट बांधायची.

हिंगोली परभणीपासून वेगळी निघून जिल्हा झाली, त्या वर्षीच्या थंडीत पुंजाजीच्या घशात भाकर अडायला लागली. आधी त्याने हसण्यावारी नेलं. "तुझ्या भाकरीला धार आली," म्हणायचा. मग दुधात कुस्करलेलीही अडायला लागली. जावयाने नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर जावयाशी बाजूला जाऊन बोलला. जावई परत आला आणि चपलेचा अंगठा नीट करत बसला. डॉक्टरने जनकाबाईला एवढंच सांगितलं, पातळ द्या, जे जाईल ते द्या, जात आहे तोवर द्या.

दूध उलटून पडायचं. भाताची पेज गळ्याशी गोळा व्हायची. गूळपाणी नाकातून यायचं. जात होती फक्त आंबील. पातळ, गार, आंबट. ती जिभेवर आली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्या पाण्याबरोबर घास आपोआप खाली सरकायचा. वाटीभर पिऊन तो डोळे मिटायचा. जनकाबाई त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना पाहत राहायची. तिचं सगळं जग त्या घाटीवर येऊन थांबलं होतं. गावातल्या बायका म्हणायच्या, "जनकाबाईनं नवरा आंबिलीवर धरून ठेवलाय." ती देवापुढे हात जोडून म्हणायची, धरू दे रे बाबा, एवढंच धरू दे.

तो चैत्राचा सप्ता पुंजाजीने मांडवात आडवं पडून ऐकला. वीणा दुसऱ्या कुणी घेतली.

मृगाचा पाऊस पडून गेला आणि पुंजाजीचा चुलतभाऊ सोनाजी विहिरीवर मोटर चालू करायला गेला तो तिथेच बसल्या जागी गेला. धडधाकट माणूस. सगळ्या भावकीला सुतक आलं. या भावकीची जुनी रीत होती, दहाव्याला सुतक फिटायच्या आधी प्रत्येक घरातली मातीची भांडी शिवेबाहेर नेऊन फोडायची. तांब्या-पितळेला चिंच लावली की ते शुद्ध होतं. माती होत नाही, सुतक तिच्यात मुरतं.

मडकं जायचं, हे जनकाबाईला पहिल्याच दिवशी कळलं. तिच्या मनात आलं, वाटीभर आंबवण मिराबाईसारख्या कुणा दुसऱ्या भावकीच्या घरी ठेवायला द्यावं. पण सुतकाच्या घरातलं पाणीसुद्धा कुणी घेत नाही, तिथे आंबवण कोण घेणार? आधी कुणाला दिलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आधी कुणालाच दिलेलं नव्हतं. पुसेगावचा रिकामा लोटा तिला त्या दिवसांत फार आठवला.

दहाव्याला सकाळी भावकीतले थोरले, ज्ञानबातात्या, काठी टेकत घरोघर निघाले.

"जनका, भांडी काढली का?"

"काढली, तात्या. माठ काढला, मिठाचं गाडगं काढलं." तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"आन् ते?"

तिने कोनाड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "यांच्या घशाखाली दुसरं काईच उतरत न्हाई, तात्या."

"मला ठावं न्हाई का? माझ्या मांडीवर खेळलेलं लेकरू हाये ते." म्हाताऱ्याने बाजेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मी बळजबरी करत न्हाई. माझे डोळे तसे बी अधू झाले. मी काई पाह्यलं न्हाई, असं समज. पुढं तू आन् देव." आणि ते काठी टेकत पुढच्या घराकडे गेले.

"सुटलो," बाजेवरून पुंजाजी म्हणाला. आवाज फार बसला होता. "ठेव तिथंच कोनाड्यात."

"आन् सुतकाचं आंबवण तुमच्या तोंडात घालू? तुमच्या जिवाला आधीच कमी तकलीफ हाये का?"

"तकलीफ घशात हाये गं. मडक्यात न्हाई."

"देवाच्या रीतीत खोट काढायची न्हाई. मी रीत पाळली तर तोच तुमाला राखील." ती जणू स्वतःलाच सांगत होती. "आन् भ्यायचं काहून? हात माझा हाये. ज्वारी तीच, पाणी तेच. नव्या मडक्यात लावीन. चव माझ्या हातात हाये, त्या मातीत काय हाये?"

पुंजाजीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ती पाठ चोळत राहिली. उबळ थांबल्यावर तो दमून पडला आणि तिने मडकं उचललं.

शिवेबाहेर बाभळीखाली खापरांचा ढीग पडला होता. इतरांची मडकी खणकन फुटत होती. तिचं फुटताना आवाजच झाला नाही. इतकी वर्षं आंबट पीत आलेली माती ती. भस्सकन बसली, आणि तो ज्वारीच्या पेवाचा वास उठला. क्षणभरच. मग वाऱ्याने नेला.

डोंगरकड्याच्या कुंभाराकडून नवं मडकं आलं. तिने ज्वारी निवडली, जाडसर दळून आणली, पीठ भिजवलं, फडकं बांधलं. सकाळी कान लावला, तर आत काही नाही. दुसऱ्या दिवशी फुटायला लागलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पण वास आला तो ओल्या गोणपाटाचा. शिजवली तर तार धरायला लागली. तिने ती उकिरड्यावर ओतली आणि पुन्हा लावली. पावसाळी हवा, सगळीकडे बुरशीचा वास. या वेळी आंबलं, पण चव कडवट झाली, जिभेच्या मुळाशी बसणारी. तिसऱ्यांदा तिने कुणाकडून ताक आणून घातलं. चव ताकाची आली. आंबिलीची नाही आली.

पुंजाजी मात्र वाटी हातात घेऊन म्हणायचा, "बेस झाली आज. जरा जरा जमत चालली. ठेव, हळूहळू पितो." ती मागच्या कामाला लागली की वाटी रिकामी सापडायची. तिला बरं वाटायचं.

एक दिवस बाजेखालून चुपचुप आवाज येत होता. वाकून पाहिलं तर शेळीचं करडू भिंतीलगतची जमीन चाटत होतं. तिथे पांढरे ओघळ वाळलेले होते. आजचा, कालचा, परवाचा.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं मनगट तिने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. मेंढ्याला एका हाताने आडवा पाडणारं मनगट.

"त्या करडाला बी तहान लागती," तो म्हणाला, आणि हसायला गेला.

सत्यशीला पुसेगावहून येऊन राहिली. तिने चौथ्यांदा लावलेलं मडकं पाहिलं, आईचं तोंड पाहिलं. निमूटपणे मडकं उचलून बाहेर ओतून आली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं जनकाबाईला वाटलं.

मिराबाईही येऊन गेली. दारातच उभी राहिली.

"दाजी कसे हायेत?"

"हायेत."

"अक्का, मी काय म्हणत व्हते..."

"आंबील लावून राहिले मी. आज ना उद्या जमंल. माझ्या हाताला ठावं हाये."

"व्हय," मिराबाई म्हणाली. जरा थांबली, आणि गेली.

गिरणीवरून पिठाचा डबा डोक्यावर घेऊन येताना जनकाबाई मिराबाईच्या कुडाशी थबकली. तिला कुणी हाक मारली नव्हती. वास आला होता.

कैरीचा नाही, ताकाचा नाही. पेवाचा.

डोक्यावरचा डबा तसाच धरून ती उभी राहिली. कुडाच्या फटीतून दिसलं, पडवीत माठाला टेकून एक मडकं, वर पांढरं फडकं, तिच्यासारखीच गाठ मारलेली. सत्यभामाबाईची चव शेजारच्या पडवीत सुखाने नांदत होती. किती वर्षांपासून, देव जाणे. आत मिराबाई पोराला रागे भरत होती. एक हाक मारली असती तर ती धावत आली असती. पण जनकाबाईच्या ओठावर आला तो एकच शब्द, चोरटी. हाक न मारता ती घरी आली आणि डबा दाणकन ठेवला.

"काय झालं?" पुंजाजीने हाताने खुणावलं.

"आपलं आंबवण मिरानं चोरलंय. मी डोळ्यांनी पाहून आले."

त्याने तिला जवळ बसायला सांगितलं. बोलायला त्याला फार वेळ लागला. शब्द घशातून खरवडून काढावे लागत होते.

"चोरलं न्हाई. मी दिलं."

"तुमी?"

"तू दिवा लावला त्या दिवशी. घोंगड्याखाली लपवून नेलं."

तिच्या डोळ्यांपुढे तो उकाडा आला आणि त्याच्या खांद्यावरचं घोंगडं.

"काहून?" एवढंच ती म्हणाली.

"वीणा..." तो थांबला, तिने ओल्या फडक्याने त्याचे ओठ टिपले. "पहारा संपला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालावी लागती. आपल्याच गळ्यात धरून बसलो तर सप्ता मोडतो. मला ते पटत नव्हतं, सत्यशीलाची माय. तुला सांगितलं असतं तर तू मिराशी बोलणं टाकलं असतं."

"आन् मडकं फोडलं तवा?"

"तवा सांगणार व्हतो. खोकला आला. मग... तुझी तगमग बघवंना. चव हातात न्हाई, मडक्यात व्हती, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?" त्याने डोळे मिटले. "जा. मिराकडं जा. मागून आण."

जनकाबाई उठली आणि चुलीपुढे जाऊन बसली. संसारात पहिल्यांदाच त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला तिने चमच्याने पाणी पाजलं. एक घोट अजून उतरत होता. घाटी वर-खाली झाली.

दुसरा दिवस गेला. सकाळी ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. ज्या हाताने वाटी रिकामी धाडली तो हात आता मिराच्याच पुढे पसरायचा. दुपारी तिने देवापुढे बसून जप केला. जप झाला नाही, नुसते मणी सरकले. दिवेलागणीला सत्यशीला म्हणाली, "आई, बाबांची जीभ बघ." जीभ लाकडासारखी झाली होती.

तेव्हा तिने पितळेची वाटी पदराखाली घेतली आणि गल्ली ओलांडली.

मिराबाई तुळशीपुढे होती. दिवा नुकताच लागला होता. जनकाबाई अंगणात येऊन उभी राहिली. काय म्हणावं ते सुचेना. शेवटी तिच्या तोंडून आलं, "दिवा लागला गं तुझा, मिरा."

मिराबाईने तिच्याकडे पाहिलं, पदराखालच्या वाटीकडे पाहिलं. मग वाकून तिने पदराचा वारा घालून दिवा शांत केला.

"कुठं लागलाय, अक्का?"

जनकाबाईने तुळशीच्या कट्ट्याचा आधार घेतला. मिराबाईने आतून वाटी भरून आंबवण आणलं आणि तपेलंभर शिजवलेली आंबीलही. "मी रोज म्हणत व्हते आणून द्यावी. पण तुमी म्हणसाल, चोरून नेलं. दाजीनं देवाची आण घातलती, अक्काला सांगू नको म्हणून."

आंबील गार होती, पातळ होती, बरोबर होती. तिने पुंजाजीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पहिला चमचा तोंडात सोडला. त्याने डोळे उघडले. जीभ टाळ्याला लावून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर एवढं बरं काहीतरी पसरलं, की सत्यशीला तोंडावर पदर धरून बाहेर गेली.

"हीच," तो म्हणाला. "हीच गं."

जनकाबाई घाटीकडे पाहत होती. घाटी हलली नाही. आंबील तोंडातच थांबली, आणि ओठाच्या कोपऱ्यातून हळूहळू बाहेर ओघळली. तिने पुसली. दुसरा चमचा दिला. तोही ओघळला. काल एक घोट उतरत होता. ती चमचा भरत राहिली, पुसत राहिली. सगळा पदर आंबट झाला.

उजाडताना तो गेला.

पुन्हा सुतक आलं. मिराबाईने दिलेलं आंबवण तिने नव्या मडक्यात लावलेलं होतं. सत्यशीलेने कोनाड्यात कान लावला आणि म्हणाली, "आई, फुटून राहिलंय." जनकाबाई म्हणाली, "असंल." दहाव्याला ज्ञानबातात्या आले नाहीत. ती स्वतःच मडकं घेऊन शिवेबाहेर गेली.

तेरावा झाल्यावर मिराबाई भर दुपारी, उन्हात, वाटी घेऊन आली. जनकाबाईने वाटी घेतली, सत्यशीलेच्या लोट्यात ओतली, आणि तो लोटा लेकीबरोबर पुसेगावच्या जीपमध्ये दिला. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. एकटीसाठी पीठ भिजवायला तिला जमेना. शेळ्या विकल्या. करडू तेवढं ठेवलं.

चैत्रात सप्ता बसला. पहाटेच्या पहाऱ्याला वीणा गल्लीतल्या एका तरुणाच्या गळ्यात होती, तो चांगला उभा राहायचा. जनकाबाई सातही दिवस बायकांच्या मागच्या रांगेत बसली. काल्याला भागवत महाराजांनी पेंद्याची शिदोरी सोडली, देवाने सगळं एकत्र कालवलं. सगळ्यांचे डोळे वाहिले. तिचे कोरडे होते. ती महाराजांच्या तोंडाकडे पाहत होती, शाळेत धडा न आलेल्या पोरीसारखी.

पंगत बसली. ओळीत आंबील वाढत मिराबाई आली. पलीकडची बाई द्रोण तोंडाला लावून म्हणाली, "जनकाबाईचीच चव हाये गं, तंतोतंत!" मिराबाई ओशाळली. ती जनकाबाईसमोर वाकली, द्रोण भरला आणि तिथेच थांबली.

"पिऊन बघा ना, अक्का. जमली का?"

जनकाबाईने घोट घेतला. आधी कैरी, मग ताक, मग पेव. सगळं जागच्या जागी. तिने गिळायला पाहिलं. घोट तोंडात तसाच राहिला. बोलायला तोंड उघडता येईना. तिने मान हलवली, जमली म्हणून.

"वाढू का आजून?"

नको म्हणायला द्रोणावर आडवा हात धरायचा असतो. जनकाबाईने तो धरला नाही. तिने द्रोण पुढे केला. तो भरलेलाच होता. मिराबाईने क्षणभर पाहिलं आणि त्यावरच पळीभर आंबील सोडली. ती काठावरून सांडली आणि जनकाबाईच्या रिकाम्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेली.

तिने ती पुसली नाही. मिराबाई घागर उचलून पुढच्या पानाकडे सरकली.